खर्जाचा कान

एखादा वाद्यवृंद रंगात आला म्हणजे थोरामोठ्यांचे डोळे गायकाकडे असतात, तरुण मंडळींचे गिटारवाल्याकडे, आणि लहान मुलांचे ड्रम बडविणाऱ्याकडे. या सर्वांच्या जरा मागे, लांब दांडीची चार तारांची गिटार गळ्यात अडकवून एक इसम उभा असतो. त्याच्याकडे कोणी पाहत नाही. तो काय वाजवतो आहे असे विचारले तर दहांतले आठ श्रोते नुसती मान हलवतील. पण त्याने मध्येच वाजवणे थांबवून पाहावे! गाणे एकदम पोकळ होते. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसे पाऊल अधांतरी पडते, आणि काय नाहीसे झाले ते मात्र कोणालाच सांगता येत नाही.

या वाद्याचे नाव बेस गिटार. खर्ज सांभाळणे हे तिचे काम. पण आजचा विषय ही गिटारही नव्हे. तिच्या तारांखाली एक काळी, चपटी डबी बसविलेली असते. तिला ‘पिकअप’ म्हणतात. ती कधी बदलावी, बदलताना कशी निवडावी आणि मुख्य म्हणजे कशाला भुलू नये, एवढाच हा विषय आहे. चकली-कडबोळ्यांच्या शेजारी हे कोरडे प्रकरण कशाला, असे घरची मंडळी विचारतील. त्यांना मी एवढेच सांगतो, की हल्ली ज्या घरात विशी-बाविशीतले मूल आहे, त्या घराच्या कोपऱ्यात एखादी गिटार उभी असण्याचा संभव बराच आहे. आणि ‘पिकअप बदलायचाय, पैसे हवेत’ हे वाक्य आज ना उद्या कानी पडणार आहे. पैसे देणाऱ्याला निदान आपण काय विकत घेतो आहोत ते ठाऊक असावे.

मी मराठी शिकविणारा माणूस. भौतिकशास्त्राचा आणि माझा ऋणानुबंध दहावीपाशीच सुटला. परंतु आमच्या स्टाफरूममध्ये त्या विषयाचे एक प्राध्यापक माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतात आणि त्यांना विचारल्याखेरीज राहवत नाही अशी माझी ख्याती आहे. त्यांनी पहिल्या वाक्यालाच माझी समजूत दुरुस्त केली. पिकअप हा मायक्रोफोन नव्हे. मायक्रोफोनला हवा ऐकू येते. पिकअपला पोलाद ऐकू येते. डबीच्या आत लोहचुंबक असतो आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार चुंबकाच्या सान्निध्याने स्वतःही किंचित चुंबक होते. ती थरथरली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होते, आणि वेटोळ्यात तेवढीच थरथर विजेच्या रूपाने उमटते. मायकेल फॅरेडेने १८३१ साली जे दाखवून दिले, तेच हे. पुढे ती इवलीशी वीज अ‍ॅम्प्लिफायरने मोठी करायची आणि स्पीकरला द्यायची.

यातून एक मौज निघते. उद्या एखादा तंबोरा कोणी या पिकअपपुढे धरला, तर जोडीच्या पोलादी तारा त्याला नीट ऐकू येतील. खर्जाची पितळी तार मात्र कितीही घुमली तरी त्याच्या लेखी जवळजवळ मुकी. ज्या डबीचा जन्मच खर्जासाठी, तिला आपला खर्ज कळू नये! तंबोऱ्याचा विषय निघालाच आहे तर दुसरे साम्यही सांगून टाकतो. तंबोऱ्याचा भोपळा, दांडी, तारा सर्व तेच ठेवून जाणता कारागीर घोडीवर नुसती जवारी काढतो आणि वाद्य निराळे बोलू लागते. मिरजेला ज्यांनी तंबोरा नेला असेल त्यांना हे सांगायला नको. पिकअप बदलणे हे थोडेफार जवारी काढण्यासारखे आहे. वाद्य बदलत नाही, बोली बदलते.

ही बेस गिटार अमेरिकेतली. खर्जासाठी पूर्वी तिकडे माणसाहून उंच असे उभे डबल बेस वापरीत. ते गावोगाव वाहून न्यायचे म्हणजे वऱ्हाडाबरोबर कपाट नेण्यासारखे. शिवाय त्याला पडदे नसल्याने बोट नेमके पडण्यासाठी वर्षांची तपश्चर्या हवी. १९३०च्या दशकात सिअ‍ॅटल शहरी पॉल टटमार्क याने पडदे असलेली विजेची बेस गिटार केली होती. पण ती फारशी चालली नाही. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचे एक रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ होते. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे, हे विशेष! त्यांनी १९५१ साली ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो, म्हणून ‘प्रिसिजन’. घोडीपासून मेरूपर्यंत तारेची लांबी ३४ इंच. आजही बहुतेक बेस गिटारी याच मापाच्या असतात.

पहिल्या प्रिसिजनला एकच साधे वेटोळे होते, आणि त्याला एक खोड होती. घरातल्या दिव्यांच्या, पंख्यांच्या विजेची गुणगुण ते उचलीत असे. अमेरिकेत ही वीज सेकंदाला ६० हेलकावे घेते, आपल्याकडे ५०. आता गंमत पाहा. बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात, त्यावरची ५५, मग ७३ आणि ९८. जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावर जो सूर निघतो तो ४९ कंपनांचा. म्हणजे आपल्या महावितरणची गुणगुण त्या सुराच्या अगदी अंगाला अंग लावून बसते! अमेरिकेतल्या वादकाला ती निराळी ऐकू येते. आपल्याकडे ती गाण्यातच मिसळून सूर गढूळ करते.

फेंडर यांनी १९५७ साली यावर तोड काढली. एका पिकअपचे त्यांनी दोन तुकडे केले. दोन तारांना एक, उरलेल्या दोघींना दुसरा. एकाचा चुंबक उलटा आणि जोडणीही उलटी. तारांचा नाद दोन्हीकडून सुलटाच येतो, पण बाहेरची गुणगुण एकीकडून अधिक आणि दुसरीकडून उणे येऊन परस्पर फिटते. १९६० साली त्यांनी ‘जॅझ बेस’ आणली. तिला दोन स्वतंत्र पिकअप, एक दांडीच्या बाजूला आणि एक घोडीपाशी. दोन्ही सारखे उघडले की तीच वजाबाकी होते; एकच उघडला की गुणगुण परत हजर. पिकअपचे घराणे कोणते असे विचाराल तर बाजारात आज जे शेकडो प्रकार दिसतात, त्यांतले पुष्कळसे या दोहोंचेच वंशज आहेत. १९७६ साली ‘म्युझिक मॅन’च्या स्टिंगरे बेसवर आलेला जाडजूड दुहेरी पिकअप हे तिसरे ठळक नाव.

इतके झाल्यावर आता घरचा मामला सांगतो.

माझे मेहुणे, म्हणजे आमचे दाजी, दिवसा बँकेत आणि रात्री ऑर्केस्ट्रात असत. त्या काळी पुण्यात ऑर्केस्ट्रांचे पेव फुटले होते. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवीत. ध्वनिमुद्रिकेवरचे त्यांचे वाजविणे कानाने उतरवून घेणे हाच दाजींचा क्लास. त्यांची गिटार जपानी बनावटीची, प्रिसिजनच्या घाटाची, दुसऱ्या हाताने घेतलेली. नऊ वर्षांपूर्वी दाजी गेले. गिटार खोळीत घालून कपाटावर गेली, आणि तिच्यावरून नऊ पावसाळे गेले. यंदा माझ्या भाचीने ती खाली काढली. भाचीच्या मित्रमैत्रिणींचा एक संच आहे. त्यांना स्वतःची चार गाणी ध्वनिमुद्रित करायची होती. तारा नव्या घातल्या, अ‍ॅम्प्लिफायरला जोडली, आणि गिटार मुकी!

ती घेऊन पोरगी एका दुकानात गेली. तेथील गृहस्थांनी निदान केले, की पिकअप गेला. आता बसवायचाच तर दणदणीत आवाजाचा मोठा दुहेरी पिकअप बसवू, फक्त त्यासाठी लाकूड थोडे कोरावे लागेल. भाचीला ते पटले. तिच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, ते कळले तेव्हा ती पोळ्या लाटीत होती. लाटणे न थांबवता ती म्हणाली, “ह्यांच्या हातानं झिजलंय ते लाकूड. कोरायचंच असेल तर मला न सांगता कोरा.” त्यानंतर दोन दिवस त्या घरात गिटार हा शब्द निघाला नाही. तिसऱ्या दिवशी भाची माझ्याकडे आली. “मामा, तुझ्या त्या फिजिक्सवाल्या सरांना एकदा दाखवू या का?”

सरांनी प्रथम गिटार उघडलीच नाही. मीटर घेऊन तिच्या जॅकला लावला. निरोगी प्रिसिजनचा अवरोध आवाजाची कळ पूर्ण उघडून मोजला तर साधारण दहा-अकरा हजार ओहम भरतो. येथे भरला अडीच लाखांच्या घरात. सर म्हणाले, “हा पिकअपचा आकडा नव्हे, नुसत्या आवाजाच्या कळीचा. म्हणजे पिकअपपर्यंत वाटच नाही.” मग तारांखालची तबकडी काढून दोन्ही तुकडे वेगळे मोजले. एकाने पाच हजारांच्या जवळपास आकडा दाखविला, दुसऱ्याने काहीच नाही. दमट हवेने आतली बारीक तार कोठेतरी गंजून तुटली होती. दोन्ही तुकडे एकामागून एक जोडलेले असल्यामुळे एक गेला तो दुसऱ्याचीही वाट अडवून बसला होता. सरांनी मेलेल्या तुकड्याला वळसा घालून एक तार जोडली, आणि भाचीने जाड तार छेडली.

जाड दोन तारा तेवढ्या बोलल्या. बारीक दोघी गप्पच. पण त्या दोन तारांवर भाची बराच वेळ वाजवीत होती आणि ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कोरण्याचा प्रश्न तेथे मिटला.

आता प्रश्न राहिला तो निवडीचा. एक मार्ग असा, की मेलेला तुकडा पुन्हा गुंडाळून घ्यावा. वाद्य जुने आणि नामांकित असेल तर तोच मार्ग. मूळचा पिकअप टाकून दिला तर अशा गिटारीची किंमत उतरते. परंतु ती तार ०.०६ मिलिमीटर जाडीची, वेढे हजारोंनी, आणि सरावाचा कारागीर लागतो. ध्वनिमुद्रणाची तारीख दारात उभी. तेव्हा त्याच खाचेत बसेल असा नवा घ्यायचा, आणि जुना जपून ठेवायचा असे ठरले. त्यासाठी सरांनी प्रयोगशाळेतला व्हर्निअर कॅलिपर आणून डबीची लांबी, रुंदी, स्क्रूच्या भोकांमधले अंतर मोजून कागदावर उतरवले. हे काम कोणीही टाळू नये. प्रिसिजनच्या घाटाचे तुकडे बहुधा एकमेकांच्या जागी बसतात, पण ‘बहुधा’वर पैसे लावू नयेत. जॅझ बेसचे दोन पिकअप तर पाहताना जुळे वाटतात. प्रत्यक्षात घोडीकडचा दुसऱ्याहून दोन-तीन मिलिमीटर लांब असतो, आणि काही स्वस्त गिटारींत दोन्ही एकाच मापाचे असतात. पाच तारांच्या गिटारींची मापे आणखी वेगळी.

भाचीचा ओढा ‘हॉट’ पिकअपकडे होता. हॉट म्हणजे वेढे जास्त, म्हणून आवाज मोठा. जाहिरातींतून ओहमचा आकडा असा छापतात, जणू तो परीक्षेतला टक्काच! येथे पालकांनी सावध राहावे. तार अधिक बारीक घेतली तरी ओहम वाढतात. तेवढ्याने आवाज वाढत नाही. आणि वेढे खरोखर वाढविले तर आवाज वाढतो, पण वरच्या पट्टीतली धार कमी होते. खर्जाला धार कशाला, असे वाटेल. पण कानाला बेसचा सूर ओळखू येतो तो पुष्कळसा त्याच्या वरच्या उपस्वरांवरून; ते गेले की उरतो तो नुसता धबधबाट, शेजाऱ्याच्या भिंतीतून येतो तसा. ध्वनिमुद्रणात आवाज एका कळीने मोठा करता येतो. मुळात न आलेली धार कोणत्याही कळीने येत नाही. हॉट पिकअप वाईट असतो असे नव्हे. जोरकस संगीतात, अ‍ॅम्प्लिफायर थोडा फाटावा अशीच इच्छा असेल तेथे तो शोभतो. सीमोर डंकनचा ‘क्वार्टर पाउंड’ त्याच जातीचा. त्यातले चुंबक पाव इंच जाडीचे असतात म्हणून ते नाव.

चुंबकांचेही दोन मुख्य पंथ आहेत. एक अ‍ॅल्निको, म्हणजे लोखंडात अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट मिसळून केलेला, दुसरा सिरॅमिक. अ‍ॅल्निकोचे बोलणे गोल आणि सिरॅमिकचे कडक, असे वादक म्हणतात. सर्वसाधारणपणे ते चालेल. पण वेढे किती, घडण कशी, यावर इतके अवलंबून असते की नुसत्या चुंबकाच्या नावावर निवड करणे म्हणजे आडनावावरून स्वयंपाकाची चव ठरविणे आहे. याशिवाय ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणून एक प्रकार असतो. ‘ईएमजी’ कंपनीचे पिकअप या बाबतीत प्रसिद्ध. त्यांच्या पोटातच छोटा वर्धक असतो आणि त्याला नऊ व्होल्टची बॅटरी लागते. गुणगुण अत्यल्प, आवाज स्वच्छ. मात्र बॅटरीसाठी जागा हवी, कळाही निराळ्या, २५ हजार ओहमच्या लागतात; आणि वायर गिटारीतच अडकवून ठेवली तर बॅटरी रात्रभर खर्च होत राहते. विसराळू मुलांच्या घरी हा विचार करावा.

परंतु या सर्वांहून मोठी गोष्ट डबीत नसतेच. पिकअप तारेच्या कोणत्या ठिकाणी बसला आहे, ही ती गोष्ट. घोडीपाशी तार थोडीच हलते आणि तेथे उपस्वरांचा भरणा. दांडीकडे सरकावे तसतसा मूळ स्वर भरतो. जॅको पास्टोरिअस या अमेरिकन वादकाची १९६२ची जॅझ बेस होती, पडदे काढून टाकलेली. तिच्या घोडीकडच्या पिकअपवर तो भर देई. त्याचा तो नाकातून गाणारा गोड आवाज जगभर ओळखला जातो. त्याच साली बनलेल्या प्रिसिजनवर डेट्रॉइटमध्ये जेम्स जेमर्सनने मोटाऊन कंपनीची असंख्य गाणी वाजविली. दोन्ही एकाच कारखान्याच्या, पण बोली उत्तर-दक्षिण. तेव्हा प्रिसिजनमध्ये कितीही महाग पिकअप घातला तरी ती जॅझ होत नाही. कान बदलतो, कानाची जागा तीच राहते. जेमर्सन तर तार तुटेपर्यंत बदलीत नसे, आणि तारा सपाट गुंडाळणीच्या. त्याच्या आवाजात पिकअपचा वाटा किती आणि त्या जुनाट तारांचा किती, हे कोणी वजन करून सांगावे?

म्हणूनच ज्यांचा पिकअप जिवंत आहे, फक्त ‘आवडत नाही’, त्यांनी आधी दोन स्वस्त उपाय करावेत. तारा बदलून पाहाव्यात. गोल गुंडाळणीच्या तारा खणखणीत बोलतात, सपाट गुंडाळणीच्या मऊ. मग एक पेचकस घेऊन पिकअपची उंची बदलून पाहावी. तो तारांजवळ आणला की आवाज वाढतो. फार जवळ आणला तर चुंबक तारेलाच ओढू लागतो, सूर डळमळतो आणि लवकर विझतो. अर्धा-अर्धा फेरा फिरवून ऐकत जावे. पुष्कळांचे पैसे या पेचकसातच वाचतील. जॅझ बेसवाल्यांना आणखी एक सूचना. बदलायचे तर जोड घ्यावा. वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन पिकअप एकत्र आणले, तर गुणगुणीची वजाबाकी जमेलच असे नाही. आणि जोडणी उलटी झाली तर दोन्ही उघडताच खर्ज नाहीसा होऊन आवाज चिरका, पातळ होतो. एका पिकअपच्या दोन तारांची अदलाबदल केली की तो बहुधा ताळ्यावर येतो.

भाचीने अखेर साध्या वेढ्यांचा, अ‍ॅल्निकोचा, मूळच्या घाटाचा पिकअप निवडला. अमेरिकेत असा जोड शंभर डॉलरच्या आसपास मिळतो. येथे येईपर्यंत जकात आणि वाहतूक चढते. लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन तिने निम्मे पैसे साठविले होते. उरलेले ताईने तिच्या हातावर ठेवले आणि भाजीला निघून गेली. आवाजाच्या २५० हजार ओहमच्या कळा आणि एक कपॅसिटर तपकीर गल्लीत मिळाला; इतक्या वर्षांनी कळाही खरखरत होत्याच, त्याही बदलून टाकल्या. डाख सरांनी दिला. त्याआधी भाचीने मोबाइलवर जुन्या जोडणीची छायाचित्रे काढून ठेवली. हे मात्र तिचे तिला सुचले, आणि मला ते फार आवडले.

चारही तारा बोलू लागल्या. जाड तारा जरा पुढे येत होत्या, म्हणून त्यांच्या बाजूचा स्क्रू दीड फेरा खाली घेतला. ध्वनिमुद्रण ठरल्या दिवशी झाले. जुना पिकअप चकल्यांच्या सोऱ्याशेजारी एका पत्र्याच्या डबीत आहे; वर भाचीच्या अक्षरात चिठ्ठी आहे: ‘बाबांचा. एक बाजू चालू, एक बंद.’ सरांनी बंद बाजू प्रयोगशाळेत स्वतः गुंडाळून पाहायचे मनावर घेतले आहे. हवी तितकी बारीक तार त्यांना अजून मिळायची आहे.